मरळीसाठी सामान घेताना: रॉड, रील आणि लाइन कशी निवडावी

गळाच्या दुकानात गेलात की निम्म्या पाकिटांवर ‘बास’ छापलेलं दिसतं. हा बास म्हणजे मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. विदर्भातल्या तलावांत तो नाही, आणि त्याच्या नावाचं सामान घेऊन गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभं राहणाऱ्याला थोडं हसू येणं साहजिक आहे. पण ते सामान आपल्या मरळीला बरंच जमतं. दोघांचा स्वभाव सारखा आहे. कमळाच्या पानाखाली, बेशरमच्या झुडपात दबा धरून बसायचं आणि वरून बेडूक गेला की झडप घालायची. बासचा विक्रम 1932 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरीने केला, 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या आसपास. एरवी मिळणारा बास किलो-दोन किलोचा किंवा त्याहून लहानच. तलावातली मरळही साधारण त्याच वजनाची असते, म्हणून सामानाचं माप जुळतं.

फरक दोन आहेत आणि सगळी निवड त्यांच्यावर ठरते. मरळीला टोकदार दात असतात, बासचं तोंड त्यामानाने खरखरीत एवढंच. आणि आपलं पाणी बहुतेक वेळा गढूळ नाहीतर वनस्पतींनी भरलेलं असतं. त्यामुळे स्वच्छ पाण्यासाठी सांगितलेला महागडा सल्ला इथे पैसे वाया घालवतो.

खरेदीला निघालेला माणूस सहसा आधी चकचकीत रील उचलतो, मग त्याला शोभेल असा रॉड, आणि उरलेल्या शे-दोनशे रुपयांत मिळेल ती लाइन. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आधी पाणी, मग लाइन, मग रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: कुठे बसणार ते ठरवा

पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आणि गावच्या बोड्या (लहान तळी) उथळ असतात. दिवाळीनंतर पाणी निवळतं, पण कमळ, शिंगाड्याचे वेल आणि काठचं बेशरम यांनी निम्मा तलाव व्यापलेला असतो. इथे मासा लागणं सोपं, बाहेर काढणं कठीण. इटियाडोह किंवा असोलामेंढ्यासारख्या मोठ्या जलाशयाचा मामला वेगळा. पाणी उघडं, काठाला दगड, आणि गळ लांब फेकावा लागतो. तिसरी जागा म्हणजे नहर आणि धानाच्या बांध्यांच्या कडेचे खड्डे. तिथे फेकायला जागाच नसते, आखूड काठी लागते.

याच टप्प्यावर परवानगीचंही बघून घ्या. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायचा खर्च ढिवर बांधवांनी केलेला असतो, म्हणून संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. व्याघ्र प्रकल्पातलं पाणी तर विषयच सोडा. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पेंचमधला तोतलाडोहही तसाच. तिथे मासेमारी म्हणजे वन्यजीव कायद्याचा गुन्हा.

आणखी एक. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका खदखदताना दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी ते समोर येईल त्यावर तुटून पडतात, म्हणून मासा हमखास लागतो. पण मोठी मरळ काढली की सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. तो सोडून पुढे चला.

दुसरं काम: लाइन

बाजारात लाइन तीन जातींची मिळते. साधी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. विणलेली, जिला सगळे ब्रेड म्हणतात. आणि फ्लोरोकार्बन.

नायलॉन ताणली जाते. रोहू, कटला, मृगळासाठी हे चांगलं, कारण कणकेच्या गोळीवर लागलेला मासा जोरात पळाला तरी झटका लाइन सोसते आणि गळ ओठातून फाटून निघत नाही. मरळीसाठी हाच गुण अडचणीचा. पंचवीस-तीस मीटरवर कमळात मरळीने रबरी बेडूक, म्हणजे पाण्यावरून चालवायचं नकली आमिष, धरला आणि तुम्ही झटका दिला, तर निम्मा झटका लाइनच गिळते. मरळीचा जबडा कडक, गळ रुततच नाही.

ब्रेड ताणली जात नाही म्हटलं तरी चालेल. त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ती खूपच बारीक असते, आणि वनस्पतीचे देठ कापत येते. पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्याने तरंगते, म्हणून वरून चालवायच्या बेडकाला तीच हवी. फ्लोरोकार्बनचं नेमकं उलट. ते पाण्याच्या पावणेदोन पट जड आहे, बुडतं आणि बेडकाचं नाक खाली ओढतं. ते पाण्यात कमी दिसतं म्हणून विकलं जातं. गढूळ बोडीत कोणाला काय दिसणार आहे? निवळ जलाशयात चमचा (चकाकणारं धातूचं आमिष) किंवा छोटा नकली मासा ओढायचा असेल तर ब्रेडच्या टोकाला दीड-दोन फूट फ्लोरोकार्बन लावा, तेवढंच पुरे. पूर्ण रील त्याने भरायची गरज नाही.

आकडे असे धरा. कमळ-शिंगाड्यातल्या मरळीसाठी 40 ते 50 पौंडांची ब्रेड. उघड्या पाण्यासाठी 20 पौंडांची. रोहू-कटल्यासाठी 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीची नायलॉन. पौंड वाचून बिचकू नका, एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. 40 पौंड म्हणजे 18 किलो. दोन किलोच्या माशाला 18 किलोची लाइन कशाला, असं वाटेल. ती माशासाठी नसतेच. माशाने देठांना वेटोळं घातलं की त्याच्यासोबत पाच-सहा किलो पाला ओढावा लागतो, ती त्याच्यासाठी.

पाकिटावरचे पौंड, विशेषतः स्वस्त ब्रेडवरचे, बऱ्याचदा फुगवलेले असतात. त्यापेक्षा जाडी वाचा. जपानी पद्धतीच्या पाकिटांवर पीई असा आकडा असतो. पीई 2 म्हणजे सुमारे 0.23 मिलिमीटर, पीई 3 म्हणजे 0.28 च्या आसपास. मरळीसाठी पीई 3 किंवा 4 योग्य.

जुना तंगूस घरात पडला असेल तर वापरण्याआधी हातभर तोडून एक साधी गाठ मारा आणि ओढा. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिलेली नायलॉन सुतासारखी तुटते. अशी लाइन फेकून द्या, पण तलावाच्या काठावर नाही. गोंदियाच्या तलावांवर सारस येतात, त्यांच्या पायात ती अडकते.

तिसरं काम: रॉड

मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: लांबी, ताकद, किती पौंडांची लाइन आणि किती ग्रॅमचं आमिष. दुकानदाराला विचारण्याआधी ते वाचा. रबरी बेडूक साधारण 8 ते 15 ग्रॅमचा असतो. म्हणजे आमिषाच्या जागी ‘10 ते 30 ग्रॅम’ लिहिलेला रॉड मरळीला बरोबर. ‘2 ते 7 ग्रॅम’वाला चिलापीसारख्या छोट्या माशापुरता. खरं सांगायचं तर चिलापीला बांबूची गरी आणि गांडूळ यापलीकडे काही लागत नाही.

ताकद आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असे तिचे दर्जे. वाक म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉडचा वरचा चौथा-तिसरा हिस्साच वाकतो, स्लो रॉड मुठीपर्यंत कमान होतो. मरळीला साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम हेवी, फास्ट रॉड घ्या: टोक बेडूक नाचवतं, मागचा भाग मासा उपसतो. रोहू-कटल्याला आठ-नऊ फुटांचा, मऊ वाकाचा मीडियम रॉड बरा, म्हणजे माशाची धाव रॉड सोसतो.

कार्बनचा रॉड हलका आणि हाताला लगेच कळवणारा, पण दगडावर आपटला की चिरतो. फायबर ग्लास जड, पण मार खातो. मोटरसायकलच्या बाजूला बांधून पांदण रस्त्याने जायचं असेल, पोरंही तो हाताळणार असतील, तर दोघांचं मिश्रण असलेला दोन तुकड्यांचा रॉड घ्या. एकात एक सरकणारे घडीचे रॉड पिशवीत मावतात म्हणून मोह होतो, पण वरचे सांधे सैल होतात आणि पाल्यातून मासा ओढताना तिथूनच जातात.

दुकानात कापसाचा बोळा घेऊन जा. आपल्याकडे त्याला काय कमी! रॉडवर लाइन ओवायच्या कड्या असतात, त्यातल्या प्रत्येक कडीतून तो हळूच फिरवा. कडीच्या आतल्या चिनीमातीच्या कड्याला बारीकशी चीर असली, तरी कापसाचे तंतू अडकून राहतात. डोळ्याला ती चीर दिसत नाही, पण ब्रेड तिच्यावर घासून आठवडाभरात बाद होते. मग टोकाकडून एका डोळ्याने बघा, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. दोन तुकडे जोडून हलकेच हलवा, खटखट वाजता कामा नये.

चौथं काम: रील

पाल्यातल्या मरळीला रील म्हणजे फक्त दोर गुंडाळायचं यंत्र. त्यावर जास्त खर्च करू नका. नव्या माणसाने स्पिनिंग रीलच घ्यावी, जी रॉडच्या खाली लटकते. वर बसणारी बेटकास्टिंग रील ताकदीला चांगली, पण अंगठ्याने फिरकी आवरायची सवय नसेल तर पहिल्याच फेकीत असा गुंता होतो की कात्रीच लागते.

माप 3000 किंवा 4000. काही कंपन्या हेच 30, 40 असं लिहितात. गिअरच्या जागी 6.2:1 असं काही असेल, तर हँडलच्या एका फेऱ्याला गुंडाळणारा भाग सहा वेळा फिरतो आणि साधारण पाऊण-एक मीटर लाइन आत येते. मरळीला एवढा वेग पुरतो. बेअरिंग किती आहेत या आकड्यावर भाळू नका. दहा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. हँडल धरून पुढे-मागे हलवा, जास्त ढिलं लागलं तर परत ठेवा.

बघायचा तो ड्रॅग. मासा जास्त ओढू लागला की लाइन सोडणारा तो ब्रेक. तो धक्के न देता, एकसारखा सुटला पाहिजे. जोडणी झाल्यावर घरी तपासायचा सोपा उपाय आहे. वेचणीचा कापूस मोजायचा लटकता काटा असतो ना, त्याच्या आकड्याला लाइनचं टोक बांधा, कोणाला तरी काटा धरायला सांगा आणि रॉड सरळ काट्याच्या रेषेत ठेवून ओढा. लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग सुटायला हवा. 9 किलोच्या लाइनला अडीच-तीन किलो. कमळात 18 किलोची लाइन असेल तर पाच-सहा किलोपर्यंत घट्ट करता येतो, पण रॉडवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच. नाहीतर लाइन शाबूत आणि रॉडचे दोन तुकडे.

पाचवं काम: भरणं आणि बांधणं

ब्रेड गुळगुळीत असते. सरळ स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळायच्या चकरीवर, गुंडाळली तर आख्खी गिरकी घेते आणि माशाने ओढलं की ड्रॅग लागतच नाही. म्हणून आधी थोडी नायलॉन गुंडाळा, तिच्यावर ब्रेड जोडा. भरताना ओल्या फडक्याने लाइन ताणून धरा. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवा. काठोकाठ भरली तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरली तर फेक जवळच पडते.

ब्रेडला पालोमार गाठ सगळ्यात भरवशाची. लाइन दुहेरी करून बेडकाच्या कडीतून ओवा, दुहेरीच साधी सैल गाठ मारा, मग पुढे आलेल्या फाशातून आख्खा बेडूक पार करा, आणि घट्ट ओढण्याआधी गाठीला थुंकी लावा. कोरडी ओढली तर घासून लाइन कमजोर होते. बेडूक मोठा असला तर फासा आधीच मोठा ठेवा. मरळ काढल्यावर टोकाची वीतभर लाइन बोटांनी चाचपा. दातांनी तंतू सुटलेले लागले तर तेवढी कापून पुन्हा गाठ मारा.

बेडूक झाडोऱ्यात अडकला तर रॉड वाकवून ओढू नका. रॉड सरळ त्या दिशेने करा, लाइन एखाद्या काडीला गुंडाळून मागे सरका. हाताला कधीच गुंडाळू नका, ब्रेड बोट कापते.

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेतातल्या पंपांच्या तारा तलावाच्या पारीवरून बऱ्याच ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात, म्हणून फेकायला रॉड मागे नेण्याआधी वर बघायचं. आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून पारीवरून खाली उतरायचं.

सगळं एकदम घ्यायची ऐपत नसेल तर दोन-अडीच हजारांत सुरुवात होते. त्यातला मोठा हिस्सा रॉडला आणि ब्रेडला द्या, रील साधी चालेल. दोन रबरी बेडूक घ्या, त्यांतला एक काळा, कारण आभाळाच्या उजेडावर खालून तोच ठळक दिसतो. घरी आलात की ड्रॅगचं बटण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.