आठव्या सेमिस्टरला विषय निवडताना

बी. फार्मच्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या, आठव्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स आणि सोशल फार्मसी सगळ्यांनाच असतात. अभ्यासक्रमातल्या ऐच्छिक विषयांच्या यादीतले आणखी दोन विषय आपण निवडायचे, प्रत्येकी ४ क्रेडिटचे. आधी कॉलेजात विचारा, त्यातले खरंच शिकवले जातात किती? मग ग्रंथालयातून पुस्तक आणून एकेक धडा वाचा. मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका.

फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा विषय, घ्या, हे मी मनापासून सांगते. साताऱ्यात माझ्या मेडिकलमध्ये एक आजी आल्या. “बाळ, खोकल्याचं औषध दे गं, कोरडी ढास जाईना.” पिशवीतली बीपीची पट्टी पाहिली तर रॅमिप्रिल, नुकतंच सुरू झालेलं. या गोळीने असा खोकला येतो. सिरप न देता त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, गोळी मनानं बंद करू नका असं मी बजावलं, आणि संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरला. ही नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेकडे जाते. १८००-१८०-३०२४ वर फोन करूनही कळवता येतं.

कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला, जायचं असेल तर तपासणीच्या यंत्रांचा विषय इन्स्ट्रुमेंटेशन, परवान्यांच्या कागदपत्रांची आवड असेल तर रेग्युलेटरी सायन्स. जमल्यास प्रोजेक्टही त्याच विषयावर मागून घ्या.