लोमा लिंडाला नर्सिंगसाठी येताय? मग शुक्रवारी दुपारीच बाजारहाट उरका

मी कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा या ख्रिस्ती विद्यापीठात नर्सिंग शिकले, म्हणून दर वर्षी जून-जुलै आला की मला चार-पाच फोन ठरलेले. कधी कोल्हापूरहून, कधी नाशिकहून, कधी डोंबिवलीहून. मुलीला प्रवेश मिळालेला असतो किंवा मिळायच्या बेतात असतो. आधी मुलगी बोलते, मग आई फोन हातात घेते. फी, हवा, घरभाडं एवढं विचारून झालं की आवाज खाली येतो. "तिथे बाटवत वगैरे नाहीत ना हो?"

नाही हो, बाटवत नाहीत. माझ्या आईनेही मला निघताना हेच विचारलं होतं. आम्ही मिरजेचे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात आई जन्मली, मामा जन्मले, मी जन्मले. तीन-तीन बाळंतपणं मिशनऱ्यांच्या दवाखान्यात झालेल्या घरात हा प्रश्न निघाल्यावर आजी एवढंच म्हणाली, "बाटायचं असतं तर तेव्हाच बाटलो असतो."

तरी प्रश्न अगदीच फुकटचा नाही. ख्रिस्ती विद्यापीठात तुमचा धर्म कोणी बदलत नाही, पण तुमचा आठवडा मात्र नक्की बदलतो. त्याची तयारी करून आलात तर पहिले तीन महिने सोपे जातात.

लोमा लिंडा हे लॉस एंजलिसच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरचं, सॅन बर्नार्डिनोला चिकटलेलं छोटं गाव. विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं. १९०५ साली सुरुवातच झाली ती नर्सिंगच्या शाळेने, वैद्यकीय कॉलेज नंतर आलं. पुणेकरांना हा पंथ नावाने नाही तरी चवीने माहीत असतो: औंधचं स्पायसर त्यांचंच. लहानपणी स्पायसरचा ब्रेड खाल्ला असेल तर अर्धी ओळख आधीच झालेली आहे.

या लोकांचा पवित्र दिवस शनिवार, रविवार नव्हे. आणि तो शनिवार सकाळी सुरू होत नाही, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. त्याला सॅबथ म्हणतात. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, जूनअखेरीस आठला. म्हणजे शुक्रवार कधी संपणार हे पंचांगात बघावं तसं बघावं लागतं. गावात याचा पगडा इतका की २०११ पर्यंत इथे पोस्टमन शनिवारी न येता रविवारी टपाल टाकायचा.

मी पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले. सोमवारी फार्माकॉलॉजीचा पेपर, म्हणून शुक्रवारी जेवून, डुलकी काढून, आरामात चार वाजता लायब्ररीत गेले. दार बंद. म्हटलं व्यायामशाळेत जाऊ, तीही बंद. किराणा घ्यावा म्हणून विद्यापीठाच्या दुकानाकडे वळले तर तिथेही कुलूप. घरी तांदूळ अर्धी वाटी. वेळा दारावर लिहिलेल्या होत्या, मी वाचल्या नव्हत्या. शेजारच्या फिलिपिनो मुलीने त्या रात्री भात आणि अंड्याचं कालवण दिलं, आणि वर "हॅपी सॅबथ" म्हणाली. तेव्हापासून कानाला खडा: शुक्रवारी दुपारी दोनच्या आत किराणा, प्रिंटआउट, पुस्तकं, सगळं उरकायचं. विद्यापीठाबाहेरची मोठी दुकानं अर्थात उघडी असतात, पण गाडी नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

पुढे मात्र हा शनिवार मला आवडायला लागला, हे कबूल करते. नर्सिंगचा अभ्यास संपणारा नसतो. आठवड्यातून एक दिवस वर्ग नाही, परीक्षा नाही, क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक) नाही आणि कोणी ईमेलच्या उत्तराची वाट बघत नाही, हे सुख दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना नव्हतं. फक्त एक करा: शनिवारी वर्गमैत्रिणींना ग्रुप प्रोजेक्टसाठी मेसेज टाकू नका. त्या रागावणार नाहीत, उत्तरही देणार नाहीत, आणि तुम्ही उगाच मनाला लावून घ्याल.

बुधवारी चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थनासभा असते, त्याला हजेरी लागते. धर्माचे विषय पदवीत सक्तीचे आहेत आणि त्यांचे गुण धरले जातात. "टाइमपास" समजून गेलात तर तिथेच सरासरी घसरते. मी एका निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं की दुःखाचा हा अर्थ मला पटत नाही, आमच्याकडे त्याला प्रारब्ध म्हणतात, आणि आजीचं उदाहरण दिलं. चांगले गुण मिळाले. शेजारच्या मुलीने सरांना आवडेल म्हणून गोडगोड लिहिलं होतं, तिला विचारलं गेलं, "यात तू कुठे आहेस?" तेव्हा जे वाटतं ते लिहा. टिंगल करू नका आणि खोटी भक्तीही दाखवू नका.

आता खरी अवघड गोष्ट. या विद्यापीठाचं ब्रीदच माणसाला पूर्णत्व देण्याचं आहे. त्यामुळे इथे पेशंटच्या नाडीइतकंच त्याच्या मनाला काय आधार वाटतो हेही विचारायला शिकवतात, आणि केअर प्लॅनमध्ये ते लिहावं लागतं. दुसऱ्या क्वार्टरला, म्हणजे दुसऱ्या सत्राला, मला पेशंट म्हणून एक आजीबाई मिळाल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मी बीपी घेऊन पट्टा सोडत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, माझ्यासोबत प्रार्थना करशील का? माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मी ख्रिश्चन नाही" म्हणावं तर त्या खजील होणार, आणि येत नसताना येशूचं नाव घ्यावं तर ते माझं नव्हे. शेवटी म्हटलं, "मी हॉस्पिटलच्या धर्मगुरूंना निरोप देते, आणि आता तुम्ही म्हणा, मी इथेच बसते." त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. त्या पुटपुटत होत्या आणि माझ्या डोक्यात आपोआप रामरक्षा सुरू झाली. पट्टा अजून त्यांच्या दंडावर लोंबत होता. नंतर इन्स्ट्रक्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर केलंस. प्रार्थना येणं ही अट नाही, तिथून पळून न जाणं ही आहे. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: पेशंटने न विचारता त्याच्यावर धर्म लादायचा नाही, हेही इथेच शिकवतात.

जेवणाचं थोडक्यात. विद्यापीठाच्या आणि हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात मांस मिळत नाही, दारू-सिगारेटचं तर नावच नको. घरच्यांना केवढा आनंद! पण यांचं शाकाहारी म्हणजे अंडं चालतं, चीज तर ढिगाने, आणि सोयाबीनचे "सॉसेज" दिसायला इतके हुबेहूब की आमच्या एका देशस्थ पाहुण्यांनी ताट मागे सारलं होतं. जुन्या वळणाची मंडळी चहा-कॉफीही घेत नाहीत. तुमचा चहा तुम्ही आपल्या खोलीत करा.

अभ्यासाकडे येते. बारावी करून थेट लोमा लिंडात नर्सिंगला बसता येत नाही. ॲनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र हे विषय आधी दुसऱ्या कॉलेजात पूर्ण करून मग अर्ज करायचा असतो. बरेच जण जवळच्या कम्युनिटी कॉलेजात किंवा रिव्हरसाइडच्या ला सिएरा विद्यापीठात (तेही ॲडव्हेंटिस्टच) हे करतात. आणि ज्यांनी महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलंय त्यांना हात जोडून सांगते: तीच पदवी पुन्हा विकत घ्यायला कर्ज काढू नका. आपली कागदपत्रं तपासून घेऊन थेट एनक्लेक्स (इथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा) द्यायची वाट असते, आधी ती चाचपा. नर्सिंग कौन्सिलकडून ट्रान्सक्रिप्ट मिळवायला वेळ लागतो, तेवढा चिवटपणा ठेवा.

प्रवेश मिळाल्यावर तपासण्यांची रांग लागते: पार्श्वभूमीची चौकशी, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड, गोवर-कांजिण्या-हिपॅटायटिस बीच्या लशींचे पुरावे. इथे आपल्याकडच्या मुली हमखास एका ठिकाणी अडकतात. दंडावरचा बीसीजीचा वण बघा. तो असेल तर क्षयरोगाची कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात रुपयाएवढा लालभडक सुजला होता, आणि पुढचे दहा दिवस एक्स-रे आणि कागदपत्रांत गेले. पहिल्याच दिवशी सांगा, "मला बीसीजी दिलेलं आहे, रक्ताची चाचणी करा." रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. लहानपणीचं लशीकरणाचं कार्ड आईच्या कपाटातून शोधून आणा. ते फाटलेलं असलं तरी आणा.

भाषा येते म्हणून निर्धास्त राहू नका. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. ताप फॅरनहाइटमध्ये सांगतात. पेशंट आपलं वजन पौंडात सांगतो आणि डोस मात्र किलोवर काढायचा असतो, म्हणून २.२ ने भागणं झोपेतही जमलं पाहिजे. कॅज्युअल्टी नाही, ईआर. थिएटर नाही, ओआर. आणि नर्सला "सिस्टर" म्हणू नका. मी म्हटलं तर ती गोंधळून म्हणाली, मी नन नाही. पेशंटची अंघोळ, बेडपॅन, चादर बदलणं, हे नर्सिंगच्या विद्यार्थ्याचंच काम. मावशी येतील म्हणून वाट बघत उभी राहिलेली मुलगी इथे पहिल्या आठवड्यातच ओळखू येते.

आपल्याकडची पानभर उत्तरं विसरा. इथले प्रश्न पर्यायांचे, पण चारही पर्याय बरोबर दिसतात आणि विचारलेलं असतं "सगळ्यात आधी काय कराल?" एनक्लेक्सही त्याच धर्तीवर. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तास. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न ठरवतो. पाठांतराची सवय असलेल्या हुशार मुली पहिल्या क्वार्टरला रडतात. क्वार्टर म्हणजे अडीच-तीन महिने, बस. दिवाळीनंतर अभ्यासाला लागू म्हणालात तर दिवाळीनंतर अंतिम परीक्षाच येते.

एक सुखाची गोष्ट: कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती पेशंट हे कायद्याने ठरलेलं आहे. २००४ पासून अंमल आहे. साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात जास्तीत जास्त पाच, आयसीयूत दोन. आपल्या सरकारी वॉर्डात रात्रपाळी केलेल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती आधी हसली, मग गप्प झाली.

आता जे एजंट सांगत नाहीत ते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना सत्र चालू असेपर्यंत आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. कोणाच्या हॉटेलात रोखीने काम करू नका, व्हिसा जाईल. पदवीनंतर बारा महिने कामाची परवानगी मिळते. इंजिनियर पोरांना पुढे दोन वर्षं वाढवून मिळतात, ती नर्सिंगला मिळत नाहीत. वॉर्डात काम करणाऱ्या साध्या नर्सला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं अवघड, आणि ग्रीन कार्डची भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. घर गहाण ठेवायच्या आधी हे वडिलांसमोर बसून वाचा. माझं जमलं ते लग्नामुळे, हुशारीमुळे नव्हे, हे मी कुणापासून लपवत नाही.

राहायचं म्हणाल तर कॅम्पसपासून चालत जाता येईल अशी खोली बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. सॅन बर्नार्डिनोला जाणारी हिरवी बस आहे, तिथून मेट्रोलिंकने लॉस एंजलिसला जाता येतं. पण क्लिनिकलला सकाळी पावणेसातला हजर व्हायचं असतं, तेव्हा गाडीवाली मैत्रीण हीच खरी सोय. पेट्रोलचे पैसे न मागता द्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, म्हणून एसी चालतो का हे खोली घेण्याआधी स्वतः लावून बघा. मी घरमालकाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि जुलैभर ओला पंचा डोक्यावर घेऊन अभ्यास केला. पलंगाखाली बूट आणि टॉर्च ठेवा. हा भूकंपाचा प्रदेश आहे.

मराठी माणसं? लॉस एंजलिसचं महाराष्ट्र मंडळ आहे, पण कार्यक्रम लांब असतात. मसाले, पोहे, इनोची पाकिटं आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर मिळतात. महिन्यातून एकदा चौघींनी मिळून जा. गणपती आणि क्वार्टरची सुरुवात बहुतेक आसपासच येतात, त्यामुळे आरती व्हिडिओ कॉलवर. चतुर्थीचा उपास मात्र इथे फार मानाने बघतात. उपास कळणारी माणसं आहेत ही.

शनिवारी चर्चनंतर पॉटलक असतं, तिथे बोलावलं तर जरूर जा. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. त्यांचा "हेस्टॅक" खाऊन बघा: मक्याच्या कुरकुरीत चिप्स, वर राजमा, लेट्यूसची पानं, टोमॅटो, चीज, तिखट साल्सा. भेळेची लांबची बहीणच. तुम्ही साबुदाण्याची खिचडी नेलीत तर भांडं रिकामं परत येईल. पण वाटीशेजारी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: यात शेंगदाणे आहेत. आपल्याला कूट म्हणजे मिठासारखा, सांगायचंही सुचत नाही, आणि इथे त्यावरून माणूस घसा सुजून ईआरमध्ये पोचतो. मी चिठ्ठी विसरले होते त्या दिवशी एका छोट्या मुलाच्या आईने चमचा तोंडाजवळ नेताना मला विचारलं, म्हणून निभावलं. मी नर्सिंगच्या तिसऱ्या क्वार्टरला होते तेव्हा.