जुन्या मुंबईतला खून पुन्हा लिहायला घेताना

जुन्या मुंबईत घडणारी तुमची रहस्यमालिका काही वर्षं थांबली होती आणि वाचक आता पुढच्या भागाची वाट बघतायत, तर नवं कथानक रचण्याआधी स्वतःचीच जुनी पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचा. नायकाचं जन्मसाल, त्याची चाळ, कोण त्याला अरे-तुरे करतं, कुठला पाय लंगडतो, कोणाचं देणं राहिलंय, हे सगळं एका वहीत उतरवा. १८८९ साली ३२ वर्षांचा असलेला नायक १८९७ मध्ये चाळिशीला पोचतो. गच्चीवरून उड्या मारायला त्याच्या हाताखाली तरुण शिपाई द्या. असले तपशील वाचकांना लेखकापेक्षा जास्त पाठ असतात.

मग साल ठरवा, महिन्यासकट. ‘शतकाच्या अखेरीस’ असं मोघम लिहून रहस्यकथेचं भागत नाही. मांडवीत प्लेग उघडकीला आला सप्टेंबर १८९६ मध्ये, साथरोग कायदा झाला फेब्रुवारी १८९७ मध्ये. प्लेगच्या झडतीच्या धास्तीने घरच्यांनी प्रेत लपवलं, हे मार्च १८९७ मध्ये पटतं. ऑगस्ट १८९६ मध्ये तेच कारण दिलंत तर कथा तिथेच फसली. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात १८९७ साली निघाली, म्हणजे त्याआधीच्या मुंबईत ठशांवरून खुनी पकडू नका. ट्राम घोड्यांची, विजेची आली १९०७ मध्ये. आजच्या सीएसएमटी स्टेशनला पात्रांनी बोरीबंदरच म्हणावं.

या काळातलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे घड्याळ, आणि ते फार कमी लेखक वापरतात. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. फरक बरोबर ३० मिनिटांचा. समजा, धोबी तलावाजवळ घरातल्या घड्याळानुसार नऊला खून झाला. संशयित म्हणतो, ‘माझी गाडीच सव्वानऊला बोरीबंदरला लागली.’ स्टेशनमास्तरचं रजिस्टरही तेच सांगतं. पण रेल्वेचे सव्वानऊ म्हणजे शहराचे पावणेनऊ! त्याच्या हाताशी पंधरा मिनिटं होती, आणि तेवढ्यात पायीसुद्धा पोचता येतं. मात्र ही चलाखी शेवटच्या प्रकरणात अचानक काढू नका. आधीच्या एखाद्या साध्या प्रसंगात परगावचा पाहुणा गाडीतून उतरल्यावर खिशातलं घड्याळ अर्धा तास मागे करताना दिसू द्या, आणि त्याच परिच्छेदात हमालाशी दोन पैशांवरून भांडण लावा. वाचकाचं लक्ष भांडणाकडे जातं. कथा १९०६ नंतरची असेल तर गणित बदलतं: १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे, आणि मुंबई टाइम शहरात १९५५ पर्यंत टिकला.

विष घालायचं तर सोमल (आर्सेनिक) हाताशी असतोच, पण तो प्लेगच्या आडोशाला लपत नाही. सोमलाने उलट्या-जुलाब होतात, म्हणजे मृत्यू पटकीसारखा (कॉलऱ्यासारखा) दिसतो. प्लेगमध्ये बहुधा जांघेत नाहीतर काखेत गाठ येते. रासायनिक तपासात सोमल सापडायचा, कारण मार्शची चाचणी १८३६ पासून ठाऊक होती. म्हणून खुनी दहनाची घाई करेल आणि नायक ते थांबवायला धावेल. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरकडे. पण वांद्रे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. माहीमच्या खाडीपलीकडे प्रेत टाकलंत तर मुंबईचा कॉरोनर येणार नाही, आणि हद्दीचा हा घोळ खुन्याच्या पथ्यावर पडू शकतो.

हिशेबाच्या चोपडीत पुरावा दडवायचा असेल तर ३ पै म्हणजे पैसा, ४ पैसे म्हणजे आणा, १६ आणे म्हणजे रुपया. बेरजा पक्क्या करा. चुकलेली बेरीज वाचक दुवा समजून बसतो.

संदर्भासाठी १९०९-१० चं तीन खंडांचं मुंबई गॅझेटियर आणि काळा घोड्याजवळचं राज्य पुराभिलेखागार पुष्कळ झालं. वाचलेल्या दहा गोष्टींतल्या दोनच कादंबरीत घ्या, बाकीच्या वहीत राहू देत. संवाद बखरीच्या भाषेत नकोत. फक्त नंतरचे शब्द गाळा, आणि ‘अहो’, ‘रावसाहेब’, ‘जमादार’ ज्याच्या-त्याच्या तोंडी नीट बसवा.

खर्डा झाला की शेवटची पन्नास पानं काढून पाच जणांना वाचायला द्या आणि खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. पाचही बरोबर आले तर एक दुवा पुसट करा. एकही आलं नाही तर कुठला तरी दुवा कागदावर उतरलेलाच नाही, तुमच्या डोक्यातच राहिलाय. एक-दोन बरोबर आले तर प्रकाशकाला फोन करायला हरकत नाही.