जवळच्या माणसाचे मन आजारी असेल तर या चुका टाळा

जवळच्या माणसाला मानसिक त्रास होत असल्याची शंका आली की आपण लगेच समजूत काढायला बसतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे?’ ही वाक्ये मायेपोटीच बोलली जातात, परंतु नैराश्याने उमेदच हिरावून नेलेली असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यांत केवळ दोष ऐकू येतो आणि पुढच्या वेळी तो बोलणेच टाळतो. त्याऐवजी डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे: ‘गेले 2 आठवडे तुला झोप नाही, जेवणही कमी झाले आहे, काय होते आहे?’ एवढे विचारून, उत्तराला वेळ लागला तरी, गप्प राहावे. निदान मात्र आपण करू नये, कारण थायरॉइडच्या विकारात किंवा बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असाच थकवा आणि उदासी दिसते.

कोणी आपल्यावर पाळत ठेवत आहे असे तो सांगत असेल, तर पुरावे मागून वाद घालू नये आणि होला होही मिळवू नये; ‘मला तसे वाटत नाही, पण तू किती घाबरला आहेस ते कळते आहे’ असे म्हणणे खरेही असते आणि आधारही देते.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ती परस्पर बंद करायला लावणे ही फार महागात पडणारी चूक आहे. एकाएकी थांबवल्याने चक्कर, बेचैनी असे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे आत्महत्येचा विषय टाळणे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे स्पष्ट विचारावे. उत्तर ‘हो’ आले आणि काही बेत ठरलेला दिसला, तर त्याला एकटे सोडू नये, साठवलेली औषधे, कीटकनाशके, शस्त्रे दूर हलवावीत आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ त्याने घातली तरी ती मान्य करू नये. ‘हे मी लपवणार नाही, पण डॉक्टरांकडे तुझ्यासोबत मी येईन’ असे त्याच क्षणी, त्याच्याच तोंडावर सांगावे.