‘लिहून घेणार’च्या रकान्यात बाईचं नाव

पुण्यात एका वकिलांकडे मी १४ वर्षं दस्त टाइप करतेय. खरेदीखतात दोनच बाजू असतात. विकणारा तो ‘लिहून देणार’, विकत घेणारा तो ‘लिहून घेणार’. टेबलापाशी पुरुष आला की विचारतो, “मॅडम, एकूण खर्च किती? आणि इथला रेट पुढे किती वाढेल?” बाई आली की बहुतेकदा म्हणते, “मिस्टरांना विचारून सांगते.” तुम्ही घर घ्यायला निघाला असाल तर रेटच्या आधी एक गोष्ट विचारा: हप्ता कोणाच्या पगारातून जाणार आणि ‘लिहून घेणार’मध्ये नाव कोणाचं?

एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. नऊ वर्षं निम्मा हप्ता त्यांच्या पगारातून जात होता. बँकेने कर्ज मंजूर करताना दोघांचे पगार धरले, पन्नास ठिकाणी सह्या घेतल्या, त्यामुळे घरावर आपलं नाव आहेच असं त्या धरून चालल्या. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, काढला तर एकट्या नवऱ्याचं नाव. सहकर्जदार होणं म्हणजे मालक होणं नव्हे. कर्ज फेडायची जबाबदारी पूर्ण, घरावर कागदोपत्री हक्क काही नाही, आणि आयकरात व्याजाची वजावटही नाही, कारण ती मालकालाच मिळते. नंतर नाव घालायचं म्हणजे बक्षीसपत्र, बँकेची परवानगी आणि नवऱ्याची मर्जी. म्हणून दस्त नोंदणीला जायच्या आदल्या दिवशी मसुदा हातात घ्या आणि पक्षकारांचं पान स्वतः वाचा. आधार-पॅनवरचं स्पेलिंगसुद्धा. ‘वकिलांनी बघितलंय’ यावर जाऊ नका. वकील बघतात, पण टाइप मी करते आणि चुका माझ्याकडूनही होतात.

आता सवलतीचं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घराची खरेदी बाईच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पुणे शहरात ७ ऐवजी ६ टक्के. ४८ लाखांच्या फ्लॅटवर ४८ हजार वाचतात. नोंदणी फी मात्र तेवढीच, जास्तीत जास्त ३० हजार. पण ही सूट खरेदीदार फक्त बाई किंवा बायकाच असतील तरच. नवऱ्याचं किंवा भावाचं नाव सोबत घातलं की गेली. आई आणि मुलगी मिळून घेतलं तर चालतं. दुकानाला नाही. मी २०२२ मध्ये धायरीत जुना वन बीएचके घेतला तेव्हा १५ वर्षं पुरुषाला विकायचा नाही अशी अट होती. २०२३ मध्ये ती काढली. पण ४८ हजारांसाठी नाव बायकोचं आणि पैसे सगळे आपले, असं करणाऱ्या नवऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बायकोला दिलेल्या पैशांतून घर घेतलं तर त्याचं भाडं आयकर खातं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. आणि बाईनेही लक्षात ठेवावं: स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसने द्या. आईने बांगड्या मोडून दिलेले असले तरी आधी खात्यात येऊ द्या.

बांधकाम चालू असलेली स्कीम असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर घेऊन त्यांच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १३. मी बघायला गेले होते त्या एका ठिकाणी सेल्सच्या मुलाने २० टक्के मागितले आणि वर विचारलं, “मॅडम, सर कधी येतील?” म्हटलं, सर नाहीत, कलम १३ आहे. जुना फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींतून मालकी कोणाकोणाकडे होती याचा तपास. सर्चचे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

यापुढचं कोणी सांगत नाही, कारण ते अशुभ वाटतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. २००९ च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात सुप्रीम कोर्टात हेच झालं. नारायणी देवी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या, सासरने हाकललं, माहेरने शिकवलं, नोकरी केली. पण त्यांची शिल्लक गेली ती नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आईचा हक्क पहिल्या फळीत असतो. बाईच्या बाबतीत आईचा नंबर असा मागे.

सोसायटीत नॉमिनी लिहिलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. घराची चावी हातात आली की त्याच महिन्यात मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार हवेत, आणि तुम्ही व त्या दोघांनी एकमेकांसमोर सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. माझं मी स्वतःच टाइप केलं. वकीलसाहेबांनी फी घेतली नाही, पण ‘भाची’च्या जागी ‘भावी’ पडलं होतं ते मात्र त्यांनीच पकडलं.