नवा फोन आलाय, घेऊ का? आधी स्टार मारलेल्या ओळी वाचा

आमच्या नात्यात कुणाला फोन घ्यायचा असला की मला कॉल येतो. मामा, मावशी, मावसभावाचा रूममेट, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्येच गाठलं. प्रश्न ठरलेला, "अरे तो नवीन आलाय बघ दोनशे मेगापिक्सेलवाला, कसाय?" मी उलट विचारतो की आत्ताच्या फोनचा तुम्हाला त्रास काय होतोय, तर समोरून शांतता. म्हणून पहिलं काम हे करा, लाँचचे व्हिडिओ बघायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा, हातातल्या फोनमधलं काय काय डोक्यात जातं. मामांचं निघालं ते असं: बॅटरी दुपारी तीनला मान टाकते, घराच्या आतल्या खोलीत रेंज नसते, आणि व्हॉट्सअॅपवरच्या गुड मॉर्निंगांनी मेमरी फुल. कॅमेऱ्याचा विषयच नाही! आणि पैसे घालायला निघाले होते दोनशे मेगापिक्सेलवर.

आता कंपनीचं पान उघडा. वरती मोठ्ठ्या अक्षरात जे लिहिलंय ते सगळ्यांना दिसतं, ते सोडून द्या, सरळ तळाला जा, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात स्टार मारलेल्या ओळी असतात. फोनच्या उणिवा तिथे राहतात. "अप टू", "लॅबमधल्या चाचणीनुसार", "निवडक अॅप्समध्ये", असे शब्द दिसले की थांबायचं. उदाहरणार्थ ३,००० निट्स, ४,५०० निट्स ब्राइटनेस (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). हा पीक आकडा असतो, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवणारा) व्हिडिओ चालू असताना स्क्रीनचा एखादा चिमुकला तुकडा क्षणभर तेवढा उजळतो. भर दुपारी रिक्षाला पैसे देताना क्यूआर दिसणार का, हे सांगणारा आकडा वेगळा असतो, त्याला हाय ब्राइटनेस मोड म्हणतात आणि तो बराच कमी असतो. तो दिला असेल तर तो बघा, नसेल तर दुकानातून फोन बाहेर उन्हात नेऊन बघा, दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

चार्जिंगचंही तसंच. १२० वॉट म्हणजे पूर्ण वेळ १२० वॉट नव्हे, सुरुवातीची काही मिनिटं, मग फोन गरम होतो आणि वेग उतरतो. शिवाय तो वेग बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या चार्जर आणि केबलवरच मिळतो, ऑफिसात मित्राचा चार्जर लावला की कासव. चार्जर बॉक्समध्ये आहे का तेही तपासा, अॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून काढला, सॅमसंगने पुढच्याच वर्षी एस२१ ला तोच कित्ता गिरवला, आणि मग बऱ्याच जणांना ही कल्पना फारच आवडली. नसेल तर त्याचे पैसे फोनच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

कॅमेऱ्यावर जरा बसून बोलू कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा, रोजचा फोटो २०० मेगापिक्सेलचा काढतच नाही. सोळा बारीक पिक्सेल एकत्र करून एक मोठा बनवतो आणि तुमच्या गॅलरीत येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. ५० वाला चार पिक्सेल एकत्र करतो, त्याचेही साडेबाराच! मग फरक कशाने पडतो, तर सेन्सर आकाराने केवढा आहे, ओआयएस आहे की नाही (म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेते), आणि कंपनीचं सॉफ्टवेअर किती शहाणं आहे. सेन्सरचा आकार १/१.५६ इंच असा लिहिलेला असतो, त्यात खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, उलटं गणित आहे पण लक्षात राहतं. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारा) किंवा डेप्थ (मागचं धूसर करायला मदत करणारा) दिसला की तो कॅमेऱ्यात मोजूच नका, मागे तीन गोल दिसावेत म्हणून तो असतो. ट्रिपल कॅमेरा म्हणजे पुष्कळदा एक कॅमेरा आणि दोन गणपतीपुढचे पाट.

चिप म्हणजे फोनचा मेंदू, तिच्या नावांनी तर डोकं फिरतं. आकडा मोठा म्हणजे चिप भारी असं अजिबात नाही. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ आली मार्च २०२३ मध्ये, त्याच वर्षी नोव्हेंबरात आली ७ जेन ३, नंतरची, आकडा पुढचा, आणि ताकदीला आधीचीपेक्षा कमी. ८ एस जेन ३ आणि ८ जेन ३ मध्ये एका अक्षराचा फरक पण चिप वेगळ्याच. मीडियाटेकची डायमेन्सिटी ६०८० म्हणजे जुन्या ८१० चंच नव्याने घातलेलं बारसं. तेव्हा चिपचं पूर्ण नाव, शेपटासकट, सर्च करा आणि ती पहिल्यांदा कोणत्या वर्षी आली ते बघा. बेंचमार्कचे, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, स्कोअर बघायचे तर एकदाच काढलेला स्कोअर नको, अर्ध्या तासाच्या गेमिंगनंतरचा बघा, कारण फोन तापला की स्वतःच धीमा होतो. २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस२२ मालिकेला गीकबेंच ह्या बेंचमार्क अॅपने यादीतून काढलं होतं ते अशाच भानगडीवरून, फोन गेम्स आणि बाकी अॅप्सना लगाम घालायचा आणि बेंचमार्क अॅपला मात्र मोकळं सोडायचा.

रॅमचं पटकन. "१६ जीबी रॅम" आणि खाली स्टार, ८ अधिक ८. दुसरे ८ खोटे आहेत, ते तुमच्या स्टोरेजमधूनच घेतलेत, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. खरी रॅम तेवढीच धरा. स्टोरेजमध्ये जीबीसोबत प्रकार बघा, ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) असेल तर स्वस्तात पडला तरी वर्षभरात रडवतो, यूएफएस (त्याहून वेगवान प्रकार) २.२ चालतं, ३.१ किंवा ४ असेल तर उत्तम. कार्डचा स्लॉट आहे का, असला तर दोन सिम आणि कार्ड एकदम बसतात का, की दुसरं सिम काढून कार्ड घालावं लागतं, हे मामांसारख्या माणसाला सगळ्यात आधी विचारायचं.

रेंजसाठी फक्त "५जी" हा शब्द पुरेसा नाही, बँड्सची, म्हणजे फोन कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो त्यांची, यादी बघा. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ घेतलं, त्याचा बँड एन२८, आणि हे कमी फ्रिक्वेन्सीचं सिग्नल भिंतींमधून आत शिरायला बरं. एन७८ वेगवान, पण घरात आत आलात की मलूल. जिओवाल्याने फोनच्या यादीत दोन्ही आहेत ना बघावं, परदेशातून भावाने आणलेला फोन असेल तर नक्कीच.

पाण्याचं रेटिंग आपल्याकडे जून ते सप्टेंबर कामाचं. आयपी६४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपी६८ त्याच्या पुढे, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी सांगते. पण हे सगळं साध्या, स्थिर पाण्यातलं, अलिबागच्या समुद्रातलं नाही. आणि पुन्हा तोच स्टार: पाणी शिरून बिघडला तर साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

अपडेट्स. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षं देऊ केलीत, पुष्कळ स्वस्त फोनमध्ये मात्र दोनच मोठे अपडेट्स असतात. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, म्हणजे दीड वर्ष जुना फोन सेलमध्ये "चोर भावात" मिळाला तर दीड वर्ष आधीच खर्च झालंय.

आता ज्या गोष्टी ना वर लिहितात ना खाली, त्या. मी स्वतः एकदा फसलोय, कंपनीचं नाव नको, तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास गेले होते. स्क्रीन झकास, चार्जिंग झकास, आणि पहिल्याच आठवड्यात आईशी बोलताना कॉल म्यूट, कधी कट, एकदा तर गालाने चुकून बॉसला व्हिडिओ कॉल लागला, तेही अंघोळ करून नुकताच बाहेर आलेलो. मग कळलं की फोनला कानाजवळचा खरा सेन्सरच नाही, खर्च वाचवायला "व्हर्च्युअल प्रॉक्सिमिटी" दिलंय, म्हणजे फोन अंदाज बांधतो की बहुतेक कानाला लावलाय. हे स्पेसिफिकेशनमध्ये होतं, सेन्सर्सच्या ओळीत, एकच शब्द. तेव्हापासून मी ती ओळ पहिली वाचतो. तशाच ह्या पण बघा: स्पीकर एक की दोन, लॉकस्क्रीनवर बातम्या आणि जाहिराती येतात का आणि त्या बंद करता येतात का, कॉल रेकॉर्ड केला की समोरच्याला घोषणा ऐकू जाते का. एक जुनं उदाहरण देतो, २०१८ चा पोको एफ१, २०,९९९ रुपयांत स्नॅपड्रॅगन ८४५, लोक वेडे झाले होते आणि बरोबरच होतं, पण वाइडवाइन एल१ (व्हिडिओची चोरी रोखणारी परवानगी) नव्हतं म्हणून नेटफ्लिक्स एचडी दिसायचं नाही, ते पुढच्या वर्षी अपडेटने आलं. तरी मी म्हणेन तो फोन घेण्यासारखाच होता. उणीव सापडली म्हणजे फोन बाद असं नसतं, ती तुमच्या तीन ओळींना लागते का ते बघायचं.

हे वजन प्रत्यक्षात कसं करायचं ते वनप्लस १५ वर बघू, नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आला, ७२,९९९ पासून. नव्या फोनची तुलना दुसऱ्या कंपनीशी करायच्या आधी त्याच्याच थोरल्या भावाशी करा, म्हणजे इथे वनप्लस १३. बॅटरी ६,००० एमएएचवरून थेट ७,३००, ही सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटरीची कमाल, तेवढ्याच जागेत जास्त साठा. चिप नवी. स्क्रीन १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र ताजं होतं, वा! पण स्टार: ती निवडक गेम्समध्येच, एरवी १२०. आणि गेलं काय? स्क्रीनचं रिझोल्यूशन क्यूएचडी प्लसवरून १.५के वर उतरलं (म्हणजे बारकावा थोडा कमी), मेन कॅमेऱ्याचा सेन्सर १/१.४३ वरून १/१.५६ इंचावर, म्हणजे लहान झाला, हॅसलब्लाड ह्या कॅमेरा कंपनीचं नाव गेलं, सायलेंट करायचा तो सरकवायचा खटका गेला आणि त्याजागी बटण आलं. आता दिवसभर फिल्डवर फिरणारा, गेम खेळणारा माणूस असेल तर बिनधास्त १५, त्याला बॅटरीपुढे बाकी सगळं फिकं. पण घरात वर्षाचं पोर आहे आणि संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये त्याच्यामागे पळत फोटो काढायचेत, तर मी किंमत उतरलेला १३ च बघेन. फोन तेच दोन, फक्त कागदावरच्या तीन ओळी बदलल्या.

आयफोनवाल्यांनीही असंच करा. २०२५ चा १६ई आला ५९,९०० ला, चिप ए१८ आहे, पण मागे एकच कॅमेरा, मॅगसेफ (चुंबकाने मागे चिकटणारं चार्जिंग) नाही, स्क्रीन ६० हर्ट्झ. ज्याला फक्त आयफोन हवाय आणि पाच वर्षं वापरायचाय त्याला चालेल, अँड्रॉइडच्या १२० हर्ट्झवरून येणाऱ्याला मात्र स्क्रोल करताना टोचेल.

कधी घ्यायचा? पहिल्या दिवशी नाही, एवढं ऐका. गॅलॅक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, सप्टेंबरात परत मागवावा लागला, ऑक्टोबरात बंद झाला, बॅटऱ्या पेट घेत होत्या. ते टोकाचं झालं, पण आयफोन १५ प्रो सुद्धा सुरुवातीला तापायचा आणि दोनेक आठवड्यांत सॉफ्टवेअर अपडेट आला. तीन-चार आठवडे थांबलं की स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या लोकांचं रडगाणं बाहेर येतं. रिव्ह्यू वाचताना मी पाच आणि एक स्टारवाले दोन्ही सोडतो, तीन स्टारवाले वाचतो, ते लोक बहुधा खरंच फोन वापरत असतात. एकच तक्रार दहा जण वेगवेगळ्या शब्दांत करत असतील तर ती खरी.

किमतीचं गणित पण स्टारसकटच करा. "२२,९९९ पासून" मध्ये बँकेचं कार्ड, एक्सचेंज बोनस सगळं धरलेलं असतं, तुमच्याकडे ते कार्ड नसेल तर ती किंमत तुमची नाहीच. नो कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो.

दुकानात गेलात तर दहा मिनिटं काढा. डेमो फोनवर चालत्या माणसाचा फोटो काढा, उभ्या माणसाचा सगळेच चांगला काढतात. सिम असेल तर एक कॉल करा, कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का बघा. मराठी कीबोर्ड उघडून "ऱ्हास" आणि "दुसऱ्या" टाइप करा, तो आडवा रफार नीट येतोय ना, आणि ल, श आपल्या वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे. कुणाला हे खूळ वाटेल, पण रोज त्या स्क्रीनवर मराठी वाचायचंय मला.

फोन घरी आला की बॉक्स उघडतानाच व्हिडिओ काढा. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल, तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा, मग मेसेजमध्ये केवायएम, एक स्पेस आणि तो नंबर इंग्रजीत टाकून १४४२२ ला पाठवा, फोन कोणत्या कंपनीचा कोणता मॉडेल ते उत्तर येतं. आणि रिप्लेसमेंटची मुदत बहुतेक ठिकाणी सातच दिवसांची असते, तेव्हा नवीन फोन देव्हाऱ्यासमोर ठेवून हळदकुंकू वाहून झालं की तो दसऱ्याच्या मुहूर्तासाठी कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी सिम घालून वापरायला घ्या. मामांनी ठेवला होता, अकरा दिवस.