हॉस्टेल बदलायचं? आधी चवथ होऊ दे

जुलैत ठरवलेलं हॉस्टेल बदलणं मी धरतच नाही. त्या महिन्यात आपल्याकडे गोव्यात काही धड वाळत नाही, चपलांना बुरशी येते, लाईट जाते, आणि पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला आपलंच हॉस्टेल सगळ्यांत भिकार वाटतं. मी पेडण्याहून पणजीजवळच्या एका हॉस्टेलात आले (नाव नको) आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी फोन लावला, "मला इथनं घेऊन जा." आई म्हणाली, "चवथीला गणपतीसाठी येशील ना, तेव्हा बघू." फोन आपटलाच मी.

रागाच्या भरात वहीच्या मागच्या पानावर तक्रारी लिहिल्या. पाच झाल्या: भिंतीला ओल, मेसची आमटी, रूममेटचा पहाटे साडेचारचा गजर, नळाला सकाळी पाणी नाही, आणि "कोणी बोलत नाही." हे तुम्हीही करा, पण पुढे एक रकाना ठेवा: नवीन जागी गेल्यावर हे सुटेल का? पाऊस सगळीकडे सारखाच पडणार. कोणी बोलत नाही ही तक्रार तर सामानाबरोबर आपल्यासोबतच येते.

मग चवथीला घरी जा. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-भाज्यांची आरास) बांधा, आरत्यांना घसा बसवून घ्या, आणि परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी ते पान उघडा. माझ्या पाचांतल्या दोनच उरल्या होत्या, ओल आणि गजर. आमटी तशीच होती, पण तोवर बाहेर भाजी-पाव कुठे चांगला मिळतो ते कळलं होतं.

एका गोष्टीला मात्र हे थांबणं लागू नाही. रॅगिंग, मारहाण, कोणी अंगाला हात लावणं, यातलं काही असेल तर चवथीची वाट बघू नका. त्याच दिवशी घरी सांगा, वॉर्डनला लेखी द्या, आणि १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला फोन करा. ती चोवीस तास चालते.

आता दुसरी जागा. ती ऊन असताना, दुपारी बघायला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच खोल्या छान दिसतात. पावसात जा, संध्याकाळी सातनंतर जा. कपाटामागची भिंत हाताने चाचपा, मोबाईलला रेंज आहे का बघा, नळ सोडून बघा. परतीची बस किती वाजेपर्यंत मिळते ते स्टॉपवर उभं राहून बघा. रविवारी बसगाड्या कमी असतात, म्हणून एकदा रविवारीही. राहणाऱ्या मुलींना "कसं आहे?" विचारलंत तर "बरं आहे" एवढंच कळेल. "गेल्या महिन्यात कोण सोडून गेली, का गेली?" असं विचारा.

भाड्याच्या खोलीचा मोह वेगळाच. माझा एक मावसभाऊ ऑगस्टात स्वस्त खोली मिळाली म्हणून उड्या मारत गेला. डिसेंबरात पर्यटकांचा सीझन आला आणि मालकाने खोली रिकामी करायला लावली. तेव्हा करार लेखी घ्या, त्यात मे महिन्यापर्यंतचं भाडं लिहून घ्या, आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी मालक करणार ना ते विचारा. टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. घरून ये-जा करायची म्हटली तर मला दोन बसगाड्या, पेडणे ते म्हापसा आणि तिथून पणजीची शटल. आठवडाभर करून बघितलं, शुक्रवारी वर्गातच झोपले.

पैशांचं थोडक्यात: डिपॉझिट कधी परत मिळतं आणि मेसचे भरलेले पैसे बुडतात का, हे ऑफिसात अर्ज देण्याआधी विचारा. बहुतेक वेळा सेमिस्टर संपताना हलणं स्वस्त पडतं.

आणि हॉस्टेल बदलण्याआधी खोली बदलून मागा. हे कोणाला सुचतच नाही. मी ओलीचे फोटो काढले, तारखा टाकल्या, वॉर्डनला अर्ज दिला. अर्ज देण्याआधी रूममेटला सांगायला गेले, उगाच तिला बाहेरून कळायला नको म्हणून, आणि धीर करून गजराचंही बोलले. ती म्हणाली, "अगं, मग आधी सांगायचं नाही का!" ओलीने तिचेही कपडे खराब होत होते. शेवटी दोघींनी मिळून सही केली आणि वरच्या मजल्यावर गेलो.

गजर अजून साडेचारलाच होतो, फक्त आता तो तिच्या उशीखाली असतो.